तीन देशांची इंजिनं, एकच रूळ: मॉडेल रेल्वे जोडायला आणि डिजिटल करायला खर्च किती?

जर्मनीत नोकरीला असलेल्या भाच्याने आणलेलं रोकोचं विजेचं इंजिन, अमेरिकेतल्या मुलीने दिलेलं बॅकमनचं डिझेल आणि लंडनहून आलेला हॉर्नबीचा जुना संच. आपल्याकडे मॉडेल रेल्वेचा संग्रह पुष्कळदा असाच, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांबरोबर जमत जातो. तिन्ही इंजिनं १६.५ मिमी रुंदीच्या एकाच रुळावर उभी राहतात. पण एकाला दुसऱ्याचा डबा लागत नाही आणि एका कंट्रोलरवर तिन्ही चालत नाहीत. मग ‘सगळा संच एकाच कंपनीचा घ्या’ असा सल्ला मिळतो आणि हातातल्या चांगल्या गाड्या खोक्यात पडून राहतात.

त्याची गरज नाही. तीन इंजिनं आणि तीन रेक एकत्र चालवायला, काही कामं स्वतः करायची तयारी असेल तर, साधारण १४ ते २२ हजार रुपये लागतात. तयार कंट्रोलर घेतला तर २६ ते ४३ हजार. यासाठी पाळायचं सूत्र एकच आहे: आपल्या घराचं एक कपलिंग आणि एक डिजिटल पद्धत आधी ठरवा, मग प्रत्येक गाडीत त्याच्या आड येणारा तेवढाच भाग बदला. खरेदी आधी आणि ठरवणं नंतर, असं झालं की खर्च दुप्पट होतो.

खालचे भाव परदेशी दुकानांतले अंदाजी भाव आहेत. हिशोबाच्या सोयीसाठी युरो १०० रुपये आणि डॉलर ९० रुपये धरला आहे. पाठवणी आणि सीमाशुल्क वेगळं.

पैसे काढण्याआधी चार तपासण्या

पहिली, प्रमाण. युरोप-अमेरिकेतलं एचओ म्हणजे १:८७, ब्रिटिश डबल-ओ म्हणजे १:७६. दोघांचे रूळ सारखेच १६.५ मिमीचे, म्हणून हॉर्नबीची गाडी रोकोच्या रुळावर बिनघोर चालते. मात्र डबल-ओचं मॉडेल एचओपेक्षा सुमारे १४ टक्के मोठं दिसतं. ब्रिटिश इंजिनामागे ब्रिटिशच डबे ठेवले तर हा फरक डोळ्यांत भरत नाही.

दुसरी, वीज. मेर्कलिनची एचओ गाडी तीन-रूळ पद्धतीची असते: रुळांच्या मधोमध असलेल्या टोकदार संपर्कांवरून इंजिनाखालची लांब पट्टी वीज घेते आणि दोन्ही चाकं एकमेकांशी विजेने जोडलेली असतात. अशी चाकं दोन-रूळ मार्गावर ठेवली की शॉर्टसर्किट होतं. मल्टिमीटर बीपवर ठेवून एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना टोकं लावा. आवाज आला, तर ती चाकं आपल्या कामाची नाहीत. डब्यांची चाकं बदलता येतात, ॲक्सलमागे साधारण एक-दोन युरो पडतात. इंजिन बदलायचं काम मात्र खर्चिक आहे. मेर्कलिनचंच इंजिन हवं असेल, तर त्याच घराण्यातल्या ट्रिक्स या नावाने येणारी दोन-रूळ आवृत्ती शोधा.

तिसरी, चाकाची कड. जुन्या हॉर्नबी आणि लिमा गाड्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात. कोड १०० म्हणजे ०.१ इंच, सुमारे अडीच मिमी उंचीच्या रुळावर त्या चालतात, पण कोड ८३ किंवा त्याहून बुटक्या रुळावर खिळ्यांच्या नकलांवर आपटत जातात. संग्रह मिश्र असेल तर कोड १०० घ्या. दिसायला थोडा जाड, पण चालायला भरवशाचा.

चौथी, सर्वांत घट्ट वळण. आपल्या मार्गावरच्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या मोजून लिहून ठेवा. हॉर्नबीचं पहिलं वळण ३७१ मिमी, दुसरं ४३८ मिमी. अमेरिकी संचांत १८ इंच, म्हणजे ४५७ मिमी, हे नेहमीचं माप. कपलिंग किती लांबीचं घ्यायचं ते याच आकड्यावर ठरतं.

कपलिंग: सगळे डबे बदलू नका

बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात. युरोपीय गाड्यांना कडीचं म्हणजे लूप कपलिंग, ब्रिटिश गाड्यांना आडव्या दांडीवर आकडा अडकणारं टेन्शन-लॉक, अमेरिकी गाड्यांना मुठीसारखं नकल कपलिंग, आणि युरोपातच डबे अगदी जवळ आणणारी क्लोज कपलिंगं. यातल्या शेवटच्या गटात सर्वाधिक गोंधळ होतो. फ्लाइशमानचं प्रोफी आणि रोकोचं क्लोज कपलिंग एकमेकांत बसत नाहीत. दोन्ही जर्मन बाजारातली, दोन्ही उत्तम, तरी बसत नाहीत.

सुटकेची वाट म्हणजे एनईएम ३६२ नावाचा खाचा. युरोपातल्या मॉडेल रेल्वे संघटनांच्या मोरोप या महासंघाने ठरवलेल्या या मानकानुसार डब्याच्या टोकाला एक छोटी चौकोनी खोबण असते. जुनं कपलिंग चिमट्याने ओढून काढायचं, नवं दाबून बसवायचं. युरोपीय गाड्यांत हा खाचा गेली कित्येक वर्षं आहे, अलीकडच्या ब्रिटिश गाड्यांतही तो आला आहे.

मिश्र संग्रहाला मी नकल कपलिंग सुचवतो आणि त्यातही अमेरिकेच्या केडी कंपनीचं. ते धातूचं असतं, रुळाखालच्या चुंबकाने हात न लावता सुटतं आणि इतर कंपन्यांच्या प्लास्टिकच्या नकललाही लागतं. एनईएम खाच्यासाठी केडीचे १७, १८, १९ आणि २० असे चार क्रमांक आहेत. डोकं सर्वांचं तेच, दांडीची लांबी चढत्या क्रमाने वाढते. १८ पासून सुरुवात करा. सर्वांत घट्ट वळणावर दोन डबे हाताने ढकलून पाहा: बफर एकमेकांत अडकत असतील तर १९, डब्यांमध्ये उगाच मोठी फट दिसत असेल तर १७. अमेरिकी गाड्यांना खाचा नसतो, स्क्रूची पेटी असते. तिथे केडीचा १४८ किंवा जुना ५ क्रमांक बसतो. दोन जोड्यांचं पाकीट सुमारे ६ ते ८ डॉलरला मिळतं.

आता पैसे वाचवणारा मुद्दा. सहा डब्यांच्या रेकला बारा कपलिंगं असतात, पण इंजिनाला भिडतात ती फक्त दोन टोकं. आतली दहा मूळचीच राहू द्या. रेक सतत तोडायची नसेल, तर मूळचं क्लोज कपलिंग आत जास्त शोभून दिसतं. असं केलं की बारांऐवजी दोनच कपलिंगं लागतात, म्हणजे खर्च एक षष्ठांश. मालगाडीच्या वाघिणी वारंवार बदलायच्या असतील, तर एका वाघिणीच्या एका टोकाला लूप आणि दुसऱ्या टोकाला नकल लावून ती दुवा म्हणून ठेवा.

एका साधनावर मात्र काटकसर करू नका: केडीचं २०५ क्रमांकाचं उंचीचं माप. नकलचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंच, म्हणजे जवळपास ९.९ मिमी उंचीवर हवा. चढावर गाडी मधूनच तुटते तेव्हा दोष बहुधा कपलिंगचा नसून या उंचीचा असतो. काही जुन्या ब्रिटिश डब्यांत एनईएम खाचा चुकीच्या उंचीवर बसवलेला आहे. अशा वेळी वाकड्या दांडीचं कपलिंग मिळतं. खाचा कापत बसू नका.

डिकोडर: ‘डीसीसी रेडी’ म्हणजे डिकोडर नाही

डीसीसी ही डिजिटल पद्धत जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या कामातून उभी राहिली आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने ती मानक म्हणून स्वीकारली. रुळात कायम वीज असते आणि त्याच विजेतून आज्ञा जातात. प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी उचलतो. मानक खुलं असल्यामुळे झिमोचा डिकोडर हॉर्नबीच्या इंजिनात बसवून तो रोकोच्या कंट्रोलरवर चालवता येतो. मिश्र संग्रहाने डीसीसी निवडावं ते याच कारणासाठी. मेर्कलिनची एमएफएक्स ही वेगळी पद्धत आहे. अलीकडचे बरेच मेर्कलिन-ट्रिक्स डिकोडर डीसीसीसुद्धा समजतात, पण जुनं इंजिन घेताना हे विचारूनच घ्या.

जाहिरातीत ‘डीसीसी रेडी’ असेल, तर इंजिनात फक्त सॉकेट आहे, डिकोडरचा खर्च तुमच्यावर. ‘डीसीसी फिटेड’ असेल, तर डिकोडर आत आहे. ‘साउंड’ असेल, तर आवाजाचा डिकोडर आणि स्पीकरही आहे. वापरलेलं इंजिन घेताना हा फरक हजारो रुपयांचा पडतो.

सॉकेट पाच प्रकारची दिसतात: ६ पिन, ८ पिन, २१ पिन, प्लक्स २२ आणि लहान गाड्यांसाठी नेक्स्ट १८. डिकोडर मागवण्याआधी इंजिनाचं झाकण उघडून पिना मोजा. जुळत नसेल तर पाच-दहा युरोचं ॲडॅप्टर मिळतं, पण आत जागा आहे का तेही पाहा. साधा, बिनआवाजाचा डिकोडर २५ ते ४० युरोत येतो. आवाजाचा शंभर युरोच्या पुढे. सुरुवातीला सगळ्या इंजिनांना आवाज घालू नका. जे इंजिन सर्वांत जास्त चालतं त्याच एकाला घाला.

सॉकेट नसलेलं जुनं इंजिन असेल तर आधी दोन गोष्टी पाहा. मोटारीचा एखादा ब्रश इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो, तो पूर्ण वेगळा करावाच लागतो. नाहीतर डिकोडर पहिल्याच मिनिटाला जळतो. मग १२ व्होल्टवर इंजिन क्षणभर हाताने रोखून मल्टिमीटरवर करंट पाहा. तो १ अँपिअरच्या वर जात असेल, तर नेहमीचा एचओ डिकोडर त्याला पुरणार नाही.

कंट्रोलर: खर्चाचा सर्वांत मोठा फरक इथे

तयार सुरुवातीचे संच, रोकोचा झेड२१ स्टार्ट किंवा अमेरिकेचे एनसीई पॉवर कॅब आणि डिजिट्रॅक्स झेफर, साधारण १५ ते २५ हजार रुपयांत बसतात. घरच्या एचओ मार्गावर दोन-तीन गाड्या चालवायला २ ते ३ अँपिअर पुरतात. एकदम डझनभर गाड्या चालणारा मार्ग कसा असतो ते पाहायचं असेल, तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं लघुरेल्वे संग्रहालय पाहून या. घरी तेवढी शक्ती लागत नाही हे तिथे उमगतं आणि मोठ्या कंट्रोलरचे पैसे वाचतात.

अमेरिकेतून कंट्रोलर आणवत असाल तर वीजपुरवठ्याच्या ॲडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचायला सांगा. ‘१००-२४० व्होल्ट’ असेल तर फक्त पिन बदलावी लागते. फक्त ‘१२०’ असेल तर तो ॲडॅप्टर आपल्या भिंतीत लावायचा नाही, इथेच तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा दुसरा घ्यायचा.

स्वस्तातला आणि तरीही भक्कम मार्ग म्हणजे डीसीसी-ईएक्स हा खुला, मोफत प्रकल्प. आर्डुइनो मेगा बोर्ड, त्यावर मोटर शिल्ड, वायफायचा छोटा बोर्ड आणि १२ ते १५ व्होल्टचा पुरवठा, एवढं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन अडीच ते साडेचार हजारांत जमतं. फोनवर ‘इंजिन ड्रायव्हर’ ॲप घातलं की तोच कंट्रोलर. आर्डुइनोच्या नेहमीच्या मोटर शिल्डवर रुळाची वीज खालच्या बोर्डात जाऊ देणारी ‘व्हीइन’ जोडणी असते. ती तोडायची सूचना प्रकल्पाच्या माहितीत आहे, ती टाळू नका.

कंट्रोलर कोणताही घ्या, जुना साधा डीसी कंट्रोलर आणि डीसीसी एकाच रुळाला एकाच वेळी कधीही जोडू नका. एका चुकीत दोन्ही जातात.

मांडणी: याच क्रमाने करा

वीतभर लांबीचा वेगळा रूळ प्रोग्रॅमिंगसाठी ठेवा. संगणक जोडता येत असेल तर जेएमआरआय हे मोफत सॉफ्टवेअर वापरा, त्यातला ‘डिकोडरप्रो’ सगळी मूल्यं वाचून जपून ठेवतो. डिकोडरच्या क्रमांकित नोंदींना सीव्ही म्हणतात. कंपन्या वेगळ्या असल्या तरी मूळच्या सीव्ही सगळीकडे त्याच आहेत.

१. सीव्ही ८ वाचा. त्यात निर्मात्याचा क्रमांक असतो: झिमो १४५, ईएसयू १५१, लेन्झ ९९, साउंडट्रॅक्स १४१, डिजिट्रॅक्स १२९. कोणाची माहितीपुस्तिका उघडायची ते यावरून कळतं.

२. वापरलेलं इंजिन असेल तर मूळ स्थितीत आणा. ईएसयू आणि झिमोत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की होतं. एनसीईत सीव्ही ३० मध्ये २ लिहितात.

३. पत्ता द्या. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो, म्हणून दोन नवी इंजिनं एकदम ठेवली की दोन्ही धावतात. इंजिनावर छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पत्ता म्हणून घ्या, लक्षात राहतात. कंट्रोलर हे स्वतः करतो. हाताने करायचं तर पत्ता २००१ साठी २५६ ने भागून ७ येतात, ते १९२ मध्ये मिळवून सीव्ही १७ मध्ये १९९ आणि उरलेले २०९ सीव्ही १८ मध्ये.

४. सीव्ही २९ बसवा. ही बेरीज आहे: उलटी दिशा १, २८ किंवा १२८ वेगपायऱ्या २, साध्या डीसीवर चालणं ४, रेलकॉम ८, स्वतःचा वेगतक्ता १६, चार आकडी पत्ता ३२. चार आकडी पत्ता आणि साधी डीसी बंद, म्हणजे ३४. डीसी बंद ठेवल्याने आज्ञेशिवाय गाडी सुसाट सुटण्याचा धोका टळतो. वेग बदलताना दिवे लागत-विझत असतील, तर कंट्रोलर आणि डिकोडर यांच्या पायऱ्या जुळलेल्या नाहीत. २ चा आकडा तपासा.

५. बटणं एकसारखी करा. शिट्टी एका कंपनीत एफ२ वर, दुसऱ्या कंपनीत भलतीकडे असेल, तर गाडी चालवणाऱ्याचा गोंधळ होतो. दिवा एफ० आणि शिट्टी एफ२ असा घरचा नियम करून सगळ्या डिकोडरांत तोच घाला.

दोन कंपन्यांची इंजिनं एका गाडीला

इथे घाई केली की मोटारी एकमेकींशी झुंजतात आणि तापतात. आधी प्रत्येकाचा वेग जुळवायचा. सर्वांत हळू धावणारं इंजिन प्रमाण माना. वेगवान इंजिनाला हळू करता येतं, हळू इंजिनाला वेगवान नाही. सर्वांच्या सीव्ही ३ आणि ४, म्हणजे वेग वाढण्या-कमी होण्याची मुदत, तात्पुरत्या शून्यावर आणा. इंजिनं पाच-दहा मिनिटं चालवून गरम होऊ द्या. मग सरळ रुळावर एक मीटर अंतराच्या दोन खुणा करून वेळ मोजा. एचओत ३१३ ला सेकंदांनी भागलं की खऱ्या गाडीचा ताशी किलोमीटर वेग मिळतो, डबल-ओत २७४ ला. पाच सेकंद लागले तर एचओ गाडी ताशी सुमारे ६३ किलोमीटरने चालली.

पहिल्या पायरीवरचा वेग सीव्ही २ ने, मधला सीव्ही ६ ने, कमाल सीव्ही ५ ने जुळवा. दोन्ही इंजिनं एका रुळावर हातभर अंतराने सोडा. पूर्ण फेरीत अंतर फारसं बदललं नाही की काम झालं. मगच ती जोडा आणि सीव्ही ३-४ दोघांत सारखी ठेवा. जोडीसाठी दोन्ही इंजिनांच्या सीव्ही १९ मध्ये एकच क्रमांक घाला. उलट्या तोंडाने उभ्या इंजिनाला त्यात १२८ मिळवा. या अवस्थेत कोणती बटणं चालावीत ते सीव्ही २१ आणि २२ सांगतात, म्हणजे मागच्या इंजिनाचा पुढचा दिवा उगाच लागत नाही.

एकत्र हिशोब: तीन इंजिनं, तीन रेक

कपलिंगं बारा (तीन पाकिटं) आणि उंचीचं माप: २,५०० ते ३,५०० रुपये
तीन साधे डिकोडर: ७,५०० ते १२,००० रुपये
सॉकेट ॲडॅप्टर: ५०० ते १,००० रुपये
मल्टिमीटर, चिमटे, बारीक स्क्रूड्रायव्हर: ८०० ते १,२०० रुपये
डीसीसी-ईएक्स कंट्रोलर: २,५०० ते ४,५०० रुपये, किंवा तयार संच: १५,००० ते २५,००० रुपये
एकूण: स्वतः बांधलेला कंट्रोलर घेऊन १३,८०० ते २२,२०० रुपये, तयार कंट्रोलर घेऊन २६,३०० ते ४२,७०० रुपये

या हिशोबात सीमाशुल्क नाही, आणि तेच अनेकांचं अंदाजपत्रक मोडतं. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्हही सक्तीचं आहे. विजेवरच्या मॉडेल रेल्वे सीमाशुल्काच्या तक्त्यात खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. शुल्क वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, पाठवणी आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून मागवण्याआधी कुरिअर कंपनीकडून त्या दिवसाचा दर लेखी मागून घ्या. घरचं माणूस येणार असेल, तर सामानाची करमुक्त मर्यादा पाहून त्याला कपलिंगं आणि डिकोडर आणायला सांगा: वजन नगण्य, आणि इथे सहज न मिळणारं सामान नेमकं तेच. बोर्ड, तारा, वीजपुरवठा आणि अवजारं इथेच घ्या.

दुकानदाराला हे विचारा

एनईएम ३६२ खाचा आहे का? सॉकेट किती पिनांचं? आत डिकोडर आहे का, असल्यास कोणत्या कंपनीचा? दोन-रूळ की तीन-रूळ? किमान वळण किती? या पाच प्रश्नांची उत्तरं पावतीवर किंवा संदेशात लेखी घ्या. उत्तर टाळलं तर ती गाडी दुसरीकडे शोधा.

एका वेळी सगळा खर्च करण्याची गरज नाही. पहिल्या महिन्यात एका रेकची दोन टोकं आणि त्या रेकला ओढणाऱ्या इंजिनाची कपलिंगं बदला, एक डिकोडर बसवा आणि कंट्रोलर उभा करा. ती गाडी आठवडाभर न तुटता, न अडखळता चालली की मगच दुसरं इंजिन हाती घ्या. प्रत्येक खोक्याच्या झाकणात कपलिंगचा क्रमांक, डिकोडरचं नाव, पत्ता आणि सीव्ही २, ५, ६, २९ ची मूल्यं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी चौथ्या कंपनीचं इंजिन घरात येईल तेव्हा ते जुळवायला नव्याने शोधाशोध करावी लागणार नाही, आणि कोणाला गाडी देताना तिच्याबरोबर तिची सगळी माहितीही देता येईल.